सुट्ट्या संपल्या, डबे अजून भरलेले

सुट्ट्यांनंतरचा पहिला सोमवार. पाहुणे गेले, घर शांत झालं, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलं की हात आपोआप डब्याकडे वळतोय. भूक नाही, सकाळी पोटभर खाल्लंय. तरी एक तुकडा तोंडात जातो आणि दुसरा हातात घेऊनच आपण बाहेर येतो. आठ-दहा दिवस सलग गोडधोड चाललं की जीभ ते हक्काने मागायला लागते.

मग रात्री घोषणा होते, ‘उद्यापासून साखर बंद!’ ही घोषणा मी इतक्यांदा केली आहे की घरातलं कुणी आता मान वर करूनही बघत नाही. माझा विक्रम साडेतीन दिवसांचा. चौथ्या रात्री साडेअकराला फ्रीजच्या उजेडात उभी राहून मी उरलेला अर्धा केक संपवला होता, तोही बशी न घेता.

तेव्हा हे लिखाण साखर सोडणाऱ्यांसाठी नाही. साखर कमी करून ती कमीच ठेवायची आहे, आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशांसाठी आहे. यात क्रम फार महत्त्वाचा. आपण काय करतो, तर सगळ्यात आवडतं गोड आधी तोडतो आणि नकळत पोटात जाणारी साखर तशीच चालू ठेवतो. रविवारचं आइसक्रीम बंद, पण रोजच्या चहातले आठ चमचे चालू. हे उलटं करायचं. ज्या साखरेची चव लक्षातही राहत नाही ती आधी काढायची. जी मनापासून आवडते तिला सगळ्यात शेवटी हात लावायचा. पुष्कळदा तिथवर जायची वेळच येत नाही.

पायरी पहिली: वजनकाटा आठवडाभर कपाटात

सुट्ट्यांनंतर काट्यावर दिसणारा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. शरीर जास्तीचं पिष्ट आणि साखर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत व यकृतात साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. त्यात खारट खाणंही झालेलं असतं, त्याचं पाणी वेगळं. हे पाणी काही दिवसांत आपोआप उतरतं.

२००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९५ प्रौढांचं वजन सुट्ट्यांच्या आधी आणि नंतर मोजलं होतं. सरासरी वाढ निघाली ०.३७ किलो. लोकांना स्वतःला मात्र त्याच्या चौपट वाढल्यासारखं वाटत होतं. आता याची दुसरी बाजूही सांगते: ही थोडीशी वाढ पुढच्या महिन्यांत बहुतेकांची उतरली नाही. म्हणजे घबराटीत उपास करण्याएवढं काही घडलेलं नसतं, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नसतं. ‘डिटॉक्स’च्या नावाखाली नुसत्या रसांवर राहण्याचा तर प्रश्नच नाही. रस म्हणजे साखरच, ते पुढे येईलच.

पायरी दुसरी: तीन दिवस फक्त लिहा

काहीही बदलू नका. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, जे गोड तोंडात जाईल ते वेळेसह लिहा. चहा-कॉफीतले चमचे, बिस्किटं, सॉस, कार्यालयात कुणीतरी फिरवलेला डबा, मुलाच्या ताटात उरलेलं, सगळं. शेजारी एकच शब्द लिहायचा: भूक, कंटाळा, सवय, आग्रह, किंवा ‘मस्त’. हा शेवटचा शब्द विसरू नका, पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

मोजायला सोपं माप असं: चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर. पाकिटावर ‘साखर २४ ग्रॅम’ असं दिसलं की मनात सहा चमचे वाटीत टाका. ग्रॅम डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, चमचे राहतात.

आता किती चालते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेली मर्यादा अशी की ‘मुक्त साखर’ दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, साधारण बारा चमचे. ५ टक्के म्हणजे सहा चमचे. मुक्त साखरेत वरून घातलेली साखर येते, तसंच मध, सगळे पाक आणि फळांचे रसही येतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली मूळची साखर यात धरत नाहीत. म्हणून सफरचंदाचा हिशोब ठेवायचा नाही, सफरचंदाच्या रसाचा ठेवायचा.

तीन दिवसांनी कागद समोर घेऊन बसा. माझ्या कागदावर पहिल्यांदा ‘मस्त’ हा शब्द तीन दिवसांत फक्त चारदा आला होता. बाकी सगळीकडे ‘सवय’. चार वेळच्या आनंदापायी मी दिवसाला वीस चमच्यांची धनीण झाले होते.

पायरी तिसरी: घरातल्या डब्यांचा निकाल लावा

ही पायरी लिहिण्याच्या लगेच नंतर, एका बैठकीत करायची. उरलेलं सगळं टेबलावर मांडा. त्यातले खरोखर आवडते दोन पदार्थ निवडा. फक्त दोन. ते छोट्या वाट्यांत भागून, गोठवता येत असतील तर गोठवून ठेवा. बाकीचं वाटून टाका: शेजारी, कामाच्या ठिकाणी, जिथे माणसं जास्त आहेत तिथे. ज्याला खरंच वास येऊ लागलाय ते टाकून द्या. ‘वाया जाईल’ म्हणून खाल्लेलं अन्न वाया जायचं थांबत नाही, फक्त ते कचऱ्याच्या डब्याऐवजी आपल्या पोटात जातं. हे पटायला मला बरीच वर्षं लागली, आणि घरातल्या मोठ्यांना अजून पटलेलं नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, ती नसताना डबा शेजारी पोचवा.

जे ठेवाल ते काचेच्या बरणीत नको. न दिसणाऱ्या डब्यात, वरच्या फळीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही असं. पोरकट वाटेल, पण स्टूल ओढायला लागणाऱ्या दहा सेकंदांत अर्ध्या वेळी विचार बदलतो. ओट्यावर फळांची टोपली ठेवा, धुतलेली फळं, थेट तोंडात टाकता येतील अशी.

पायरी चौथी: पेयं. सगळी लढाई इथेच आहे

एवढ्या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत, तर हे करा. पेयातली साखर पोट भरत नाही. चघळावी लागत नाही, त्यामुळे ती खाल्ल्याचं मनात नोंदही होत नाही, आणि पुढच्या जेवणात आपण तेवढं कमी खात नाही.

३३० मिलिलीटरच्या साध्या कोलाच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, जवळजवळ नऊ चमचे. एखाद्याने आपल्यासमोर पेल्यात नऊ चमचे साखर घालून दिली तर आपण हात धरू. संत्र्याचा मोठा पेलाभर रस, अगदी घरी काढलेला, वीस ग्रॅमच्या पुढे जातो. त्यासाठी तीन-चार संत्री लागतात, आणि ती सोलून खायला बसलो तर दुसऱ्या संत्र्यालाच आपण थांबतो. रस काढताना चोथा निघून जातो आणि थांबवणारं काही उरत नाही. पाण्यात लिंबाची फोड किंवा पुदिना, साधा सोडा, कोरा चहा, यांवर या. सोड्याचा बुडबुडा हवा असतो, साखर नव्हे, असं कोला पिणाऱ्या पुष्कळांना नंतर कळतं.

चहा-कॉफीचं गणित वेगळं. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे बत्तीस ग्रॅम. एकदम फिक्का चहा प्यायला गेलात तर दुसऱ्याच दिवशी चहाचाही राग येईल आणि स्वतःचाही. दर आठवड्याला कपामागे पाव ते अर्धा चमचा कमी करा. त्यासाठी एक चमचा ठरवून घ्या आणि साखर डब्यातून ओतू नका, सपाट चमच्याने घाला. अर्धा चमचा कमी केला की चार कपांत दिवसाचे आठ ग्रॅम गेले, आणि चौथ्या दिवशी फरकही जाणवत नाही.

जीभ खरंच बदलते. फिलाडेल्फियातल्या मॉनेल केमिकल सेन्सेस सेंटरने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांनी साध्या साखरेतून मिळणारी ऊर्जा ४० टक्क्यांनी कमी केली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत त्यांना तेच पुडिंग पूर्वीपेक्षा जास्त गोड लागायला लागलं. गंमत म्हणजे त्यांना कमी गोड जास्त ‘आवडायला’ लागलं नव्हतं, फक्त गोडवा जास्त जाणवत होता. आणि मोकळं सोडल्यावर ते पुन्हा पूर्वीच्याच साखरेवर आले. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. दोन-तीन महिने दम धरायचा. पहिल्याच आठवड्यात ‘मला अजून गोड हवंच आहे’ म्हणून हिरमुसायचं नाही. आणि जीभ बदलली म्हणून मोजायचा चमचा फेकून द्यायचा नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यात नवखे हमखास पडतात. साखर कमी करायची म्हणून चहा-कॉफी-कोलाच बंद करतात, आणि दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. ‘साखरेचं व्यसन सुटतंय’ असा समज करून घेतात. बऱ्याचदा ती डोकेदुखी कॅफीन तुटल्याची असते. ती शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून आधी कपातली साखर कमी करा, कपांची संख्या तेवढीच ठेवा. कॅफीनचं नंतर बघू. एका वेळी एकच आघाडी.

पायरी पाचवी: पाकीट उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला फळांची चित्रं असतात, मागच्या बाजूला खरं असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर असेल तर तो पदार्थ गोड खाऊ आहे, नाव काहीही असो. साखरेची नावं पुष्कळ: सुक्रोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्टोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, फळांच्या रसाचा अर्क. उत्पादक तीन वेगवेगळ्या साखरा थोड्या थोड्या घालतात, म्हणजे त्यातली एकही यादीत वर येत नाही. तिन्ही मिळून किती, ते दर १०० ग्रॅममागच्या साखरेच्या आकड्यावरून कळतं. ५ ग्रॅम किंवा त्याखाली असेल तर कमी, २२.५ ग्रॅमच्या वर असेल तर भरपूर. ब्रिटनमध्ये पाकिटावरच्या लाल-हिरव्या खुणांसाठी हेच आकडे वापरतात आणि दुकानात उभ्या उभ्या लक्षात ठेवायला ते बरे पडतात.

दह्या-दुधाच्या बाबतीत जरा सांभाळून. साध्या दह्याच्या डब्यावरही ४-५ ग्रॅम साखर दिसेल, ती दुधाची मूळची. फळांचा स्वाद घातलेल्या दह्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा दिसला, तर वरची सगळी घातलेली. साधं दही आणून त्यात फळ चिरून घाला, विषय संपला. केचपच्या मोठ्या चमच्यात चहाचा एक चमचा साखर असते. नाश्त्याची कुरकुरीत धान्यं, तयार सूप, ब्रेडवरचे लेप, ‘एनर्जी’ म्हणून मिळणाऱ्या वड्या, हे एकेकदा उलटून बघा. सगळं सोडायला सांगत नाहीये, पण या साखरेचा कुणालाच आनंद होत नाही, मग ती कशाला खायची?

पायरी सहावी: जेवण नीट, झोप नीट

याबद्दल थोडक्यात, कारण सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. सकाळी प्रथिनं असलेला नाश्ता करा: अंडी, डाळी-कडधान्यं, दही, दाणे, ज्याला जे चालतं ते. दुपारचं जेवण चुकवू नका. संध्याकाळी पाच वाजता ‘गोडाची इच्छा’ म्हणून जे येतं ते पुष्कळदा दीड वाजता न खाल्लेलं जेवण असतं.

झोपेचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण मला ते वाचून धक्का बसला होता. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भूक वाढवणारं संप्रेरक घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि त्यांना ओढ कशाची लागली, तर मुख्यतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. बारा माणसं म्हणजे काही फार नव्हेत, पण रात्री जागून काम केल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी गाजर मागितलेलं मीही पाहिलेलं नाही. सुट्ट्यांत झोपेचे बारा वाजलेले असतातच. पहिल्या आठवड्यात साखरेच्या आधी झोप रुळावर आणली तर पुढचं निम्मं सोपं होतं.

पायरी सातवी: तलफ आली की

भूक आणि तलफ वेगळ्या ओळखायच्या. भूक हळूहळू येते आणि तिला काहीही चालतं. तलफ अचानक येते आणि तिला एकच गोष्ट हवी असते. स्वतःला विचारा, ‘आत्ता वाटीभर उसळ किंवा उकडलेलं अंडं समोर आलं तर खाईन का?’ हो असेल तर खरंच भूक आहे, जेवा. ‘छे, मला ते चॉकलेटच हवंय’ असेल तर तलफ.

तलफेला ‘नाही, नाही’ म्हणत बसलं की ती आणखी मनात घोळते. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञाने व्यसनमुक्तीच्या कामात एक वेगळी रीत शिकवली होती: तलफ ही लाट समजा. चढते, माथ्यावर येते, ओसरते. तिच्याशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगायचं. छातीत, जिभेवर, हातांत काय होतंय ते नुसतं बघायचं. मला पहिल्या दोनदा हे अगदीच थोतांड वाटलं. तिसऱ्यांदा घड्याळ लावून बसले, आणि अकराव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करतेय.

नुसतं बसवत नसेल तर उठा. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात नियमित चॉकलेट खाणाऱ्या ७८ जणांपैकी काहींना १५ मिनिटं भरभर चालायला लावलं, काहींना बसवून ठेवलं, आणि मग सगळ्यांना चॉकलेटची वाटी शेजारी ठेवून काम दिलं. चालून आलेल्यांनी साधारण निम्मंच खाल्लं. पावसात बाहेर पडवत नसेल तर जिना आहे.

तेही जमत नसेल तर डोळ्यांना काम द्या. तलफ म्हणजे बऱ्याच अंशी चित्र असतं: पदार्थ दिसतो, त्याचा वास येतो, जिभेवर चव येते. डोळ्यांपुढे दुसरं चित्र आणलं की त्याला जागा उरत नाही. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस हा पडद्यावर ठोकळे रचायचा खेळ खेळायला दिला आणि तलफेचा जोर साधारण एक पंचमांशाने उतरला. जादू नाही, पण तीन मिनिटांत तेवढंही पुष्कळ. कोडं सोडवा, चित्र रंगवा, कपाट लावा. फोनवर खाण्याचे व्हिडिओ बघू नका, एवढं मात्र पाळा. (हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.)

रात्रीच्या तलफेवर माझा उपाय दात घासणं. पेस्टची चव तोंडात असताना गोड विचित्र लागतं, आणि पुन्हा घासायचा कंटाळा येतो. आळसाचा असा सदुपयोग दुसरा नाही.

तुमच्या कागदावरच्या वेळा आता पुन्हा बघा. तलफा दिवसभर विखुरलेल्या नसतात, बहुतेकांच्या दोन-तीन ठरलेल्या वेळा आणि जागा असतात: जेवणानंतर लगेच, दुपारी चार, रात्री टीव्हीपुढे. या जागांवर आधीच काहीतरी बसवून ठेवा. जेवणानंतर फळ किंवा चिमूटभर बडीशेप, चारला मूठभर दाणे आणि चहा, टीव्हीपुढे हातांत विणकाम नाहीतर शेंगा सोलायला. नवी सवय २१ दिवसांत लागते असं सगळीकडे वाचायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि कुणाला १८ तर कुणाला २५४. तेव्हा बाविसाव्या दिवशीही चार वाजता बिस्कीट आठवलं तर तुमच्यात काही खोट नाही.

पायरी आठवी: गोड खा, पण बसून

आता ज्या ‘मस्त’ शब्दांवर खूण केली होती त्यांच्याकडे येऊ. ते सोडायचे नाहीत. त्यांना वेळ ठरवून द्यायची: आठवड्यातून दोनदा, किंवा रोज अगदी थोडं, ज्याला जे झेपेल ते. बशीत वाढून घ्यायचं, बसायचं, फोन उलटा ठेवायचा, आणि हळूहळू खायचं. उभ्याने खाल्लेलं गोड मोजलं जात नाही असं मनाला वाटतं, पोटाला तसं वाटत नाही.

शक्यतो जेवणासोबत किंवा जेवण झाल्यावर लगेच. रिकाम्या पोटी खाल्लेलं गोड कुठे थांबावं ते सांगत नाही. दातांच्या दृष्टीनेही हे बरं. गोड तोंडात गेलं की जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते निवळायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. एकदाच खाल्लेल्या तुकड्यापेक्षा दिवसभर एकेक गोळी चघळणं दातांना जास्त महागात पडतं.

मध, गूळ, ब्राऊन शुगर ही पळवाट समजू नका. चहाच्या चमचाभर मधात साधारण ६ ग्रॅम साखर असते, चमचाभर साखरेपेक्षा जास्त, कारण मध जड असतो. चवीसाठी घ्या, औषध म्हणून नको. कृत्रिम गोडीबद्दल सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरू नका असा सल्ला दिला. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. माझं मत विचाराल तर कोला सोडताना महिनाभर कुबडी म्हणून ती चालेल, पण जिभेची गोडाची अपेक्षा तिने खाली येत नाही. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ती एक गोडी) घातलेलं काहीही त्याच्या तोंडी लागू देऊ नका, ते त्याच्यासाठी विष आहे.

पायरी नववी: घसरलात तर पुढचं जेवण नेहमीचं

घसराल, हे धरूनच चाला. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइसक्रीम पुढे ठेवलं. एरवी लगाम न ठेवता खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या मुलींनी उलट केलं: मिल्कशेक न मिळालेल्या आपल्यासारख्याच मुलींपेक्षा त्यांनी जास्त आइसक्रीम खाल्लं. ‘आता मोडलंच आहे, तर होऊन जाऊ दे’ हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. माझा तो फ्रीजपुढचा केक म्हणजे हेच. पहिला चमचा तलफेचा होता, बाकीचा अर्धा केक या विचाराचा.

त्यामुळे नियम इतका साधा ठेवा की तो मोडता येणार नाही. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपास नाही, दुप्पट व्यायाम नाही, ‘सोमवारपासून पुन्हा’ नाही. पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं. कागदावर वेळ आणि शब्द लिहा, आणि झोपायला जा.

आग्रह करणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा. ‘मी साखर सोडलीय’ म्हणालात की पंचवीस प्रश्न आणि एक मोठा तुकडा पानात पडतो. ‘आत्ताच झालं, घरी घेऊन जाते’ म्हटलं की वाढणाराही खूश आणि आपणही मोकळे.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

इन्सुलिन घेत असाल, किंवा मधुमेहासाठी सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल, तर खाण्यातली साखर आणि पिष्ट एकदम कमी करू नका. औषधाचा डोस तोच राहिला तर रक्तातली साखर घसरते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं, आणि मोजल्यावर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा, असं झालं तर त्या क्षणी पथ्य बाजूला: १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अशा माणसाच्या खिशातलं ग्लुकोज ‘साखर बंद’ म्हणून काढून घेऊ नका, हे घरच्यांसाठी.

गरोदरपणात, वाढत्या मुलांसाठी, किंवा पूर्वी खाण्याचा विकार होऊन गेला असेल तर मोजणं-लिहिणं हा प्रकार स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि गोडाची ओढ राहू दे बाजूला, पण सारखी तहान, सारखी लघवी आणि काही न करता घटणारं वजन हे एकत्र दिसत असेल तर हा लेख मिटवून रक्त तपासून घ्या.

सहा आठवड्यांनी

तीन दिवस पुन्हा लिहून काढा, त्याच पद्धतीने, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. चमचे मोजाच, पण आधी ‘मस्त’ हा शब्द किती वेळा आलाय ते बघा. तो पूर्वीइतकाच किंवा जास्त असेल आणि ‘सवय’ निम्म्यावर आली असेल, तर आहे तसंच चालू द्या. ‘मस्त’ही नाहीसं झालं असेल तर तुम्ही फार आवळलंय, आवडीचं एक गोड परत आणा, नाहीतर ते एका रात्री फ्रीजमधून स्वतःच परत येईल. माझ्या दुसऱ्या कागदावर ‘मस्त’ पाचदा होतं. त्यातलं एक तर चहाचं, अर्ध्या चमच्याच्या.